डेल्को, कार्बोरेटर आणि चौदा एप्रिल

कार्यकर्ता म्हटला की खांद्याला शबनम, खिशाला पेन आणि तोंडात ठराव. माझ्या खिशात दहा-अकराचा पाना असतो. वालीवला, हायवेपासून आत, पत्र्याच्या एका गाळ्यात मी गाड्या खोलतो. सत्तावीस वर्षं झाली. हाताच्या रेषांत ऑइल बसलंय ते कुठल्याच साबणानं निघत नाही. एका शिबिरात एका प्राध्यापक साथीनं माझा हात हातात घेतला, आणि मग हळूच रुमाल काढला. जयभीम म्हणत म्हणतच काढला. असो.

संपादक म्हणाले, चळवळीवर लिही. मी म्हटलं, इंजिनवर लिहितो. ते हसले. हसायचं काय त्यात? चळवळीवर लिहिणारे पुष्कळ झाले. इंजिनवर आपल्यातलं कोण लिहितं? कवितेत ज्वालामुखी येतो, सूर्य येतो, मशाल येते. डेल्को येत नाही. आणि आपली निम्मी वस्ती तर डेल्कोवर, रिक्षाच्या हँडलवर, क्रेनच्या दांड्यावर जगते.

तर गाडी तात्यांची. प्रीमियर पद्मिनी, मॉडेल १९८६, रंग एके काळी पांढरा. तात्या आमच्या नालासोपाऱ्याच्या गल्लीतले. एकतीस वर्षं मुंबईत टॅक्सी चालवली. स्वतःची नव्हे, बदलीवर. परमिट शेठचं, गाडी शेठची, रात्र तात्यांची. सकाळी गाडी धुऊन, पेट्रोल भरून, शेठचा हिशेब देऊन उरेल ते घरी. पाच-सात गाड्या त्यांच्या हाताखाली म्हाताऱ्या झाल्या, पण कागदावर एकीवरही त्यांचं नाव नाही. रिटायर म्हणावं तर कुणी रिटायर केलं नाही, गुडघे गेले म्हणून थांबले. आणि थांबल्यावर या माणसानं काय केलं, तर पहिल्यांदा स्वतःच्या नावावर गाडी घेतली. तीच. पद्मिनी. मावशी अजून म्हणतात, "त्या पैशात दोन खोल्यांवर स्लॅब पडला असता." खरंच पडला असता. पण आरसी बुक उशाला घेऊन झोपणारा माणूस मी डोळ्यांनी बघितलाय.

नव्या पोरांना ही गाडी सिनेमातच ठाऊक. म्हणून थोडं सांगतो. मूळची इटलीची फियाट अकराशे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली प्रीमियर कंपनी, तिचा कारखाना कुर्ल्याला. १९६४ ला तिथून डिलाइट निघाली, १९७२ ला तिचं नाव प्रेसिडेंट झालं, १९७४ ला पद्मिनी. नाव बदललं, आतला जीव तोच. चार सिलिंडर, १०८९ सीसी, एक कार्बोरेटर, स्टिअरिंगच्या दांडीला गिअर. २००१ पर्यंत निघत होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांचं आयुष्य संपलं म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ ला काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उठली.

तेव्हा केवढे अश्रू! पेपरात पानंच्या पानं. कुणाला पावसातली टॅक्सी आठवली, कुणाला कॉलेजातलं प्रेम, कुणाला टपावर बांधलेली वळकटी. सगळं मागच्या सीटवरून लिहिलेलं. पुढच्या सीटवर पायाला इंजिनची धग खात, एकतीस मे महिने काढलेल्या माणसाला कुणी विचारलं नाही की बाबा, तुला काय आठवतं? मी विचारलं. तात्या म्हणाले, "मुतायला जागा मिळायची न्हाय, ते आठवतं."

आता मुद्द्यावर येतो.

१४ एप्रिल २०२४. आमच्या गल्लीची मिरवणूक दरसाल तात्यांच्या गाडीमागून निघते. टपाच्या कॅरिअरला बाबासाहेबांचा फोटो, बाजूला बुद्ध, बॉनेटवर निळा झेंडा, आणि पुढं लेझीम. गाडी चालते कशी? माणसाच्या पावलानं. चार तास. वर एप्रिलचं ऊन. इंजिनाला यापेक्षा वाईट शिक्षा नाही. पळत्या गाडीला समोरून वारा मिळतो. मिरवणुकीतल्या गाडीला वारा नाही, फक्त स्वतःचा पंखा, आणि इंजिन हळू तर पंखाही हळू. तुळींजच्या नाक्याला काटा लालात गेला. गाडी स्लोवर उभी राहीना, थरथर थरथर आणि बंद. परत स्टार्टर, परत बंद. मग स्टार्टही घेईना. पोरांनी ढकलली. दुकानाच्या पायरीवरून एक जण म्हणाला, "यांची गाडी पण आरक्षणातलीच दिसते, ढकलल्याशिवाय चालत नाही." लोक हसले. दोघे पोरं धावली अंगावर. तात्यांनी स्टिअरिंगवरूनच ओरडून थांबवलं, "हात गाडीला लावा, हितं न्हाय."

ढकलत नेली शेवटपर्यंत.

ते बोलणं विसरलोही असतो. असलं रोज ऐकतो. पण २०२५ च्या फेब्रुवारीत जयंतीची बैठक भरली आणि एक प्रस्ताव आला. वॉर्डातले एक साहेब टेम्पो द्यायला तयार. जनरेटर, डीजे, डिझेल, सगळं फुकट. वसई-विरार महापालिकेवर २०२० पासून प्रशासक होता, निवडणूक आज लागेल उद्या लागेल म्हणून इच्छुकांना आपला फार पुळका आला होता. अट एकच, एक बॅनर. नमुना मोबाइलवर दाखवला. बाबासाहेब कोपऱ्यात पासपोर्टएवढे, आणि साहेब हात जोडून गच्च भरलेले. बैठकीतली निम्मी पोरं म्हणाली, काय बिघडतं? गाडी परत बंद पडून परत ढकलायची का? यावर भाषण करून उपयोग नव्हता. भाषणानं गाडी स्लोवर उभी राहत नाही. मी म्हटलं, चार रविवार द्या. गाडी नीट नाही झाली तर टेम्पो बोलवा.

म्हणजे बघा, एका स्वाभिमानाचं ओझं सीबी पॉइंटच्या पाव-अर्ध्या मिलिमीटरवर येऊन पडलं होतं.

तात्यांनी गाडी त्याआधी चार ठिकाणी दाखवलेली. एकानं थर्मोस्टॅट काढून फेकला. एकानं रेसचा स्क्रू आवळून स्लो वाढवून दिला, म्हणजे गाडी बंद पडत नाही, पण गुरगुरते, पेट्रोल पिते आणि जास्त तापते. एकानं नवी कॉइल घातली. चौथ्यानं सरळ सांगितलं, भंगारात द्या. प्रत्येकानं एकेक दुखणं पकडलं. पण तात्या जे सांगत होते ते कुणी ऐकलंच नाही. तात्या म्हणत होते, "आरं, थंड असताना लई भारी पळती. तापली की रडती." यातच सगळं आलं. थंड असताना ठीक आणि तापल्यावर बिघाड, तर विचारायचं हे की तापल्यावर बदलतं काय?

आणि दुसरं. तापणं आणि थरथरणं ही दोन दुखणी आहेत की एकच? बहुतेक वेळा एकच असतं. त्याची साखळी सांगतो, नीट वाचा.

डेल्कोच्या टोपीखाली सीबी पॉइंट असतात. त्यांच्या हाताला फायबरची एक टाच असते, ती फिरत्या कॅमवर घासत राहते. टाच झिजली की पॉइंट कमी उघडतात. गॅप कमी झाला की ते उशिरा उघडतात, आणि पॉइंट उघडतात त्या क्षणालाच ठिणगी पडते. म्हणजे ठिणगी उशिरा. पिस्टन खाली पळत सुटल्यावर भडका. त्या भडक्याचं काम होत नाही, नुसती आग होते. ती आग जळत जळत एक्झॉस्ट वॉलकडे जाते, हेड तापवते, पाणी तापवते. ताकद कमी, ताप जास्त. ताकद कमी म्हणून स्लोवर थरथर. थरथरते म्हणून मेकॅनिक रेस वाढवतो, की आणखी ताप. या गाडीचं हेड अॅल्युमिनियमचं, खालचा ब्लॉक बिडाचा. जास्त तापवलं की हेड वाकतं, गॅस्केट जातं, मग खर्च तात्यांच्या आवाक्याबाहेर. म्हणून पहिलं ते तपासलं. रेडिएटरची टोपी काढून थंड इंजिन चालू केलं. पाण्यात बुडबुडे नाहीत. ऑइलच्या काठीला दह्यासारखं काही नाही. हेड वाचलं होतं.

हे मला कुणी शिकवलं ते सांगायला पाहिजे. कारण इथंच खरी गोम आहे.

माझं पहिलं गॅरेज हायवेवर होतं. मालकानं पहिल्या दिवशी आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मग गावात घर कुठल्या बाजूला ते विचारलं. जात विचारली नाही हो, सुधारलेला माणूस. दुसऱ्या दिवसापासून माझा चहाचा ग्लास वेगळा, खिडकीत, बिजागिरीच्या मागं. त्याचं मला फार वाटलं नाही, आई तर त्याहून भोगून आलेली, बहात्तरच्या दुष्काळात जालन्याहून. वाटलं ते दुसऱ्याचं. चार वर्षं मी तिथं चाकं खोलली, ब्रेक धुतले, गाडीखाली पडून ऑइल तोंडावर घेतलं. पण कार्बोरेटर सेट करायची वेळ आली की मालक माझ्याकडे पाठ करायचा. अंगानं झाकून स्क्रू फिरवायचा. टाइमिंग लावताना मला चहा आणायला पाठवायचा. त्याच्या पुतण्याला मात्र उभं करून दाखवायचा. वेदाचा मंत्र कानी पडू नये म्हणून शिसं ओतायचे म्हणतात. इथं शिसं नव्हतं, नुसती पाठ होती.

दुसरं गॅरेज पेल्हारकडचं, एका म्हाताऱ्या मुसलमान चाचांचं. पहिल्याच दिवशी त्यांनी डेल्को माझ्या हातात दिला. म्हणाले, "पहले करंट देख, फिर पेट्रोल. पानी आखिर में." चाचांना वाचता येत नव्हतं, पण फीलर गेजची पानं बोटानं ओळखायचे. त्यांनी जे दिलं ते मी इथं छापून टाकतोय. पाठ करणाऱ्यावर याहून चांगला सूड मला सुचत नाही.

तर करंट. तात्यांच्या गाडीचा पॉइंट गॅप असायला हवा साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर. निघाला त्याच्या निम्मासुद्धा नाही. पॉइंटवर एका बाजूला टेकाड, दुसऱ्या बाजूला खड्डा. म्हणजे कंडेन्सरही थकलेला, आणि थकलेला कंडेन्सर गरम झाला की जास्त दगा देतो. डेल्कोचा दांडा बोटानं हलवला, तर बाजूला हलला. बुश गेलेला. दांडा डगमगला की प्रत्येक सिलिंडरला गॅप वेगळा, ठिणगीची वेळ वेगळी, मग स्लोवर इंजिन लंगडणार नाही तर काय? बुश लेथवर करून घेतला. पॉइंट, कंडेन्सर नवे. प्लगचा गॅप ०.६. फीलर नसला तर करवतीचं पान घाला, जवळपास तेवढंच असतं. टॅपेट थंड इंजिनावर लावले.

मग टाइमिंग. त्याला यंत्र लागत नाही. बारा व्होल्टचा एक बल्ब आणि दोन वायरी. एक वायर डेल्कोच्या पॉइंटच्या टोकाला, एक बॉडीला. चावी ऑन. इंजिन हातानं हळूहळू फिरवत पुलीवरची खूण जागेवर आणायची. पॉइंट उघडले की बल्ब पेटतो. खूण जुळायच्या क्षणीच तो पेटला पाहिजे. उशिरा पेटला तर डेल्को सैल करून रोटर फिरतो त्याच्या उलट दिशेला किंचित सरकवायचा, म्हणजे टाइमिंग पुढं येतं. आमच्या गल्लीतली बारावीची एक पोरगी रविवारी बघायला यायची. तिनं दुसऱ्याच खेपेला बरोबर लावलं. तिचा भाऊ बाजूला उभा राहून रील काढत होता. मी त्याला चहा आणायला पाठवला.

एवढ्यानं निम्मं दुखणं गेलं. पण तापल्यावर थरथर उरलीच. म्हणजे हवा कुठून तरी चोरून आत जात होती. हे शोधायला काही मेकॅनिक चालू इंजिनावर पेट्रोल शिंपडतात. करू नका. खाली एक्झॉस्ट तापलेला असतो, पेटलं तर गाडी आणि माणूस दोन्ही जातात. ऑइलच्या कुपीनं जोडांवर थेंब थेंब ऑइल सोडायचं. जिथं थेंब आत ओढला जातो आणि क्षणभर इंजिनचा आवाज सुधारतो, तिथं भोक. कार्बोरेटरच्या बुडाखाली सापडलं. कुणीतरी नट जीव खाऊन आवळलेले, त्यानं बुडाची कड वाकलेली. थंड असताना गॅस्केट फुगून भागवून घ्यायचं, तापलं की फट. काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर ठेवून, गोल गोल फिरवून ते बूड सपाट केलं. दीड तास लागला. नवं गॅस्केट कागदी शीटमधून कापलं.

आता पेट्रोल. इथं एक नवीन भानगड आहे, ती चाचांच्या वेळी नव्हती. २०२३ पासून पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि २०२५ पर्यंत बहुतेक सगळीकडे तेच झालं. नुसत्या पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनानं १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलला ९. वीस टक्के मिसळल्यावर साडेतेराच्या आसपास. नव्या गाडीत सेन्सर आहे, कॉम्प्युटर आहे, ती आपलं पेट्रोल आपण वाढवून घेते. पद्मिनीच्या कार्बोरेटरला काय कळतं? त्याच्या जेटचं भोक पडलंय त्या काळच्या पेट्रोलच्या मापानं. म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी, हवा जास्त. असं मिश्रण हळू जळतं, तापतं, आणि स्लोवर थरथरतं. शिवाय इथेनॉल जुनं रबर खातं. तात्यांच्या गाडीचा पेट्रोल पाइप दाबला तर भिजलेल्या पावासारखा दबला. एसी पंपाचा पडदा ताणून सैल झालेला. त्यात बॉनेटखाली ताप झाला की पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ढकलत बसतो. तापल्यावर स्टार्ट न घेण्याचं कारण हेच.

हे इथेनॉल येतं कुठून? उसाच्या मळीतून, रसातून, धान्यातून. ऊस तोडणारे बीडकडचे, आपल्यातले कितीतरी. कारखाना त्यांचा, डिस्टिलरी त्यांची, भाव सरकार ठरवणार, आणि पाइप फुगणार तात्यांचा. चक्र पूर्ण झालं की नाही?

पाइप बदलला, इथेनॉल सोसेल असा घातला. पंपाला नवं किट. पाइप एक्झॉस्टपासून दूर बांधला. मेन जेट एक नंबर मोठा.

राहिलं पाणी. पाणी म्हटलं की आपण महाडला जातो, २० मार्च १९२७, चवदार तळं. जायलाच पाहिजे. पण आज नालासोपाऱ्यात नळाला काय येतं आणि टँकरनं काय येतं, हेही एकदा बघा. तात्या वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये घालत होते बोअरचं पाणी. खाडीजवळचं बोअर, मचूळ. चहा केला तर फाटतो. ते पाणी रेडिएटरमध्ये उकळून उकळून क्षार धरतं. इंजिन तापवून बंद केलं आणि रेडिएटरच्या जाळीवर हात फिरवला. वरचा भाग चटका देणारा, खाली उजवीकडे हातभर पट्टा थंड. थंड म्हणजे तिथल्या नळ्या बंद, तिथून पाणी जातच नाही. अॅसिड ओतून धुतात काही जण. या वयाच्या रेडिएटरला अॅसिड घातलं की क्षारही जातो आणि नळीही. कुर्ल्याला सीएसटी रोडच्या बाजूला जुना एक कारागीर मिळाला, त्यानं वरची टाकी झाळ सोडवून उघडली, नळीनळीत सळई घातली, परत झाळलं. पितळ-तांब्याचा रेडिएटर असल्यानं हे होतं. हल्लीच्या प्लॅस्टिकच्या टाक्या फेकाव्याच लागतात.

टोपीचं रबर मेलेलं होतं. लोक टोपीला झाकण समजतात. टोपी पाणी दाबून धरते, आणि दाबलेलं पाणी शंभरला उकळत नाही, एका पौंडाच्या दाबामागं दीडेक अंश वर सरकतं. थर्मोस्टॅट परत बसवला, नवा. तो फेकला की गाडी थंड राहते हा मेकॅनिक लोकांचा अंधविश्वास.  फॅन बेल्ट ओढून घेतला. आत डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं. तात्यांना दम दिला की बोअरचं पाणी घालाल तर जयभीम बंद.

पोरांना दोन गोष्टी पाठ करायला लावल्या. तापलेल्या रेडिएटरची टोपी उघडायची नाही, तोंड भाजतं. आणि तापलेल्या इंजिनावर बादलीनं गार पाणी ओतायचं नाही, हेड तडकतं. २०२४ ला तुळींजला एक उत्साही कार्यकर्ता बादली घेऊन आलाच होता.

आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. शेवटीच. लोक पहिला त्यालाच हात घालतात, कारण स्क्रू वरच दिसतो. इंजिन पुरतं तापू द्या. मिश्रणाचा स्क्रू हळूहळू आत फिरवा, इंजिन अडखळेपर्यंत. मग बाहेर काढत जा, आवाज गोल होतो, आणखी काढलं की जड होतो, धूर काळा होतो. गोल आवाजाच्या जागी थांबा. मग रेसचा स्क्रू कमी करून स्लो खाली आणा, परत मिश्रण बघा. दोन-तीन खेपा. झालं. चार वर्षं ज्याच्यासाठी त्या माणसानं माझ्याकडे पाठ केली ते एवढंच होतं. पोरांना मी समोर उभं केलं, प्रत्येकाच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला, प्रत्येकानं बिघडवलं आणि प्रत्येकानं लावलं.

त्यातला एक कॉलेजचा पोरगा म्हणाला, दादा, आपण या काळ्या हातांच्या कामातून बाहेर पडायचं की यातच राहायचं? प्रश्न बरोबर आहे. माझ्या आज्यानं मेलेली ढोरं ओढली. मी मेलेली इंजिनं ओढतो. फरक काय? फरक असा की आज्याला ते जन्मानं चिकटवलं होतं, नाही म्हणायची सोय नव्हती. पाना मी उचलला, उद्या ठेवूही शकतो. बाबासाहेबांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधींवरच्या ग्रंथात यंत्राची बाजू घेतली आहे. यंत्राशिवाय माणसाला उसंत नाही आणि उसंतीशिवाय संस्कृती नाही, दोष यंत्राचा नसून ज्या समाजरचनेत ते वापरलं जातं तिचा, असा त्यांचा रोख. खेड्यात जाऊन चरखा फिरवा म्हणणाऱ्यांना ते उत्तर होतं. पण यंत्राच्या नुसतं जवळ राहून भागत नाही. गाडीखाली आपण आणि टाइमिंग दुसऱ्याच्या हातात, तर ते नवं बलुतंच की. पोरगा गप्प झाला. पटलं की नाही ठाऊक नाही. इंजिनिअरिंगला जायचंय त्याला, जाऊ दे. चांगलंय.

चौथ्या रविवारी परीक्षा. भर दुपारी बारा वाजता गाडी गाळ्यासमोर उन्हात उभी केली, बॉनेट बंद, इंजिन स्लोवर. बैठकीतली सगळी मंडळी बोलावली, टेम्पोवालेसुद्धा. एअर क्लीनरवर कडेनं रुपया उभा करायचा शो मी केला नाही, ते सिनेमात. घड्याळ लावलं. पहिला तास काटा मधोमध. दुसऱ्या तासात रेघभर वर गेला आणि थांबला. इंजिन बंद केलं, दहा मिनिटं तसंच ठेवलं, बॉनेटखाली ताप कोंडू दिला. मग चावी तात्यांच्या हातात. पहिल्या झटक्यात स्टार्ट. तात्या काही बोलले नाहीत, खिडकीची काच वरखाली करत बसले.

खर्च झाला चार हजार दोनशे. दहा, वीस, पन्नासच्या नोटांत जमला. मजुरी घेतली नाही, पण हिशेबात लिहायला लावली, कारण फुकट काम करणाऱ्याचं काम लोक फुकटच समजतात. हिशेब गल्लीच्या बोर्डावर लावला. टेम्पोला नकाराचा निरोप गेला. साहेब रागावले नाहीत, ते शेजारच्या गल्लीत गेले.

१४ एप्रिल २०२५. फोटो टपावर, झेंडा बॉनेटवर, स्टिअरिंगवर तात्या, पांढरा शर्ट इस्त्रीचा. तुळींजहून आचोळ्याकडे, चार तास दहा मिनिटं. मी बॉनेटच्या बाजूनं पायी, खिशात पाना. काटा एकदाच वर सरकला, लेझीम एका चौकात अर्धा तास अडलं तेव्हा. तात्यांनी न्यूट्रलला टाकून जरा रेस दिली, पंखा भरभर फिरला, काटा उतरला. हे मी सांगितलं नव्हतं. ते एकतीस वर्षांचं. त्या पायरीवरचा माणूस पायरीवरच होता. आमच्या पोरांनी तिकडं बघितलं. तो मोबाइल बघत होता.

बुद्धपौर्णिमेला गाडी पश्चिमेला नेली, सोपाऱ्याच्या स्तूपाला. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो खणला, त्याआधी लोक त्या टेकाडाला बुरूड राजाचा कोट म्हणायचे. बुरूड आणि राजा, लोकांनी शेकडो वर्षं हे दोन शब्द एकत्र जपले, याचं मला फार वाटतं. यावर कुणीतरी अभ्यासकानं लिहावं. येताना पुलाच्या चढावर गाडी मागं सरकायला लागली. इंजिन ठणठणीत, पण पुढं ओढ नाही. चार तास अर्ध्या क्लचवर चालवली, प्लेट जळणारच. प्लेट आणून ठेवलीय. येत्या रविवारी गिअर बॉक्स उतरवायचा आहे, दोन माणसं उचलायला लागतील. ज्यांना यायचंय त्यांनी दहा वाजता वालीवला यावं, जुने कपडे घालून.